खड्यांची वाटी

मी बाजाराच्या व्यापारी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं तेव्हा लोकांनी तीन कारणं शोधून काढली. एक म्हणजे माझे गुडघे गेले. दुसरं, यजमानांची बदली होतेय. तिसरं, सायकलवाल्या भापाजींना खुर्ची हवी होती. तिन्ही खोटी. गुडघे तेव्हा ठणठणीत होते, गेलेत ते आत्ता. बदली कधी झालीच नाही, हे दुर्गच्या केबिनमधूनच रिटायर झाले. आणि भापाजींचं म्हणाल तर मी ‘बसा’ म्हटल्याशिवाय ते बसायचे नाहीत, ते माझी खुर्ची काय घेणार!

खरं कारण एका पितळी वाटीत होतं. मूठभर खड्यांची वाटी. ती अजून माझ्याजवळ आहे, दुर्गजवळ बोरसीच्या या घरात, देव्हाऱ्याखालच्या फळीवर. सून दर दिवाळीला ती घासते आणि विचारते, “आई, यात काय ठेवू?” मी म्हणते, काही नको ठेवू, राहू दे रिकामी. एकदा सगळं लिहून टाकावं म्हणून बसले आहे. शाळेत मी गेले नाही. मसाल्याच्या पुड्या बांधता बांधता रद्दीतली अक्षरं लावत वाचायला शिकले. तेव्हा लिहिताना मी बोलल्यासारखीच लिहिणार, चालवून घ्या.

आम्ही नागपूरकडचे. हे रेल्वेत, दुर्ग लाईनवर केबिनमन. सिग्नलचे दांडे ओढून ओढून यांच्या हाताला अशी सवय लागली होती की घरात डब्याचं झाकण लावलं तरी खाडकन आवाज यायचा. मला मात्र कुटायची सवय, आईकडून आलेली. भिलाईत कारखाना उभा राहणार म्हणून माणसं उतरू लागली तेव्हा दुर्गच्या स्टेशनावर पाय ठेवायला जागा नसायची. ट्रंका, वळकट्या आणि नाना प्रकारच्या भाषा. ती सगळी माणसं जेवणार काय, हा विचार आधी माझ्या डोक्यात आला. मग मी तिखट कुटून मेसवाल्यांना देऊ लागले. पंजाबकडचे म्हणत, रंग पाहिजे, जिभेला फार लागू नये. आंध्रकडचे म्हणत, रंग राहू द्या, डोळ्यांतून पाणी काढा. केरळवाल्यांना धने भाजून लागत. आपले वऱ्हाडी कारकून हळूच कानाशी येऊन विचारत, “काकू, काळा मसाला भेटन का?” जणू अफूच मागताहेत.

वर्षभरात मी रिसालीकडून येणाऱ्या वाटेवर दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार बांबू, तीन बाजूंना तट्टे, वर पत्रा. माझ्या आधीची आठ-दहा दुकानं होती, पुढे पंचवीस झाली. सायकल दुरुस्तीवाले भापाजी पंजाबातून आलेले, चहावाला केरळचा, बाकी कापड, भांडी, कंदील, दोऱ्या. सगळीकडे लाल मुरमाची धूळ. संध्याकाळी कारखान्याच्या कामावरून माणसं सुटली की ती धूळ वर उठायची आणि धुळीतून गिऱ्हाईक यायचं. कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. मी मसालेवाली बाई, काहींची काकू, भापाजींची बहनजी, चहावाल्याची चेची, म्हणजे ताई.

आणि दुकानांच्या पुढे, जमिनीवर पोतं अंथरून, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया भाजीचा पसरा मांडायच्या. त्यातली एक उतईहून यायची, डोक्यावर टोपली घेऊन, पायी. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी. तिला सगळे दाई म्हणत, छत्तीसगढीत आईला म्हणतात तसं. ती बरोबर माझ्या दुकानासमोर बसायची. तिची हिरवी मिरची, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि माझा कोरडा मसाला. गिऱ्हाईक एका फेरीत दोन्ही घेऊन जायचं. आम्ही दोघींनी ठरवून काही केलेलं नव्हतं, पण तिची मिरची संपली की माझं तिखट खपायचं आणि माझ्याकडे गर्दी झाली की तिची टोपली हलकी व्हायची. तिचं सगळं घर त्या जागेवर चालत होतं. हे मला माहीत होतं बरं का. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मंडळ झालं ते आगीमुळे. एका उन्हाळ्यात दुपारी चहाच्या शेगडीतली ठिणगी तट्ट्यावर गेली आणि चार दुकानं बघता बघता राख झाली. माणसाला काही झालं नाही, एवढंच देवाचं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कारखान्याच्या वसाहतीच्या ऑफिसात गेलो, तट्टे द्या, पाण्याचा नळ द्या म्हणून. तिथला बाबू अमरावतीकडचा, पोरसवदा, चष्मेवाला. तो म्हणाला, “असे पंचवीस जण एका वेळी बोलाल तं मी काय लिहू? तुमचा अध्यक्ष कोण?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. भापाजी म्हणाले, “बहनजी को बना दो। इनका किसी से झगड़ा नहीं।”

खरं होतं ते. मसाल्याचं दुकान माझं एकटीचं, त्यामुळे कोणाच्या धंद्याशी माझी स्पर्धा नाही. हिंदी येत होती, छत्तीसगढी येत होती, आणि बाबूशी मराठीत बोलता येत होतं. बाबूनं कागदावर लिहिलंसुद्धा. मी सही केली, वेडीवाकडी. बाई म्हणून कोणी नाक मुरडलं असेल तर मला ते दिसलं नाही. जळालेल्या दुकानांना तट्टे कोण आणून देतं याचीच सगळ्यांना घाई होती.

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे ताटावरून म्हणाले, “काय वं अध्यक्षीणबाई, आता आमाले जेवाले भेटन का अर्ज करा लागन?”

पहिलाच तंटा नळाचा झाला. ऑफिसनं एकच नळ मंजूर केला. तो कुठे बसवायचा? हात वर करून मोजणी केली तर भांडीवाल्यानं कापडवाल्याचा हात पाहिला आणि दोघांनी आठ दिवस एकमेकांशी बोलणं टाकलं. मग मी एक युक्ती काढली. अरुंद तोंडाचं एक मडकं घेतलं. परातीत सुपाऱ्या आणि नदीतले गोल खडे एकत्र ठेवले, वरून फडकं टाकलं. परात फिरवायची. ज्याला ‘हो’ म्हणायचं त्यानं फडक्याखाली चाचपून सुपारी उचलायची, ‘नाही’ म्हणायचं त्यानं खडा. मूठ बंद, हात मडक्यात. कोणी काय टाकलं, कोणाला कळायचं नाही. शेवटी मडकं पोत्यावर उपडं करायचं.

मला नळ माझ्या बाजूला हवा होता. मडक्यातून खडे पडले, ढीगभर. नळ चहाच्या दुकानाशेजारी गेला. मी हसले, भापाजी हसले, सगळ्यांनी चहा घेतला. भांडीवाला आणि कापडवाला पुन्हा बोलू लागले. आमच्या मडक्याची गोष्ट ऑफिसपर्यंत गेली.

पुढे काय झालं ते सांगते. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, माझाही नव्हता. झालं असं की सुपाऱ्या संपायला लागल्या. लोक फडक्याखाली हात घालायचे, एक सुपारी मडक्यात आणि एक गालात. काही जण घरून खडे खिशात घालून आणायचे आणि दोन-दोन टाकायचे. एका सभेत बावीस माणसं आणि मडक्यात एकतीस मतं! तेव्हा मी नियम केला. चहावाल्यानं प्रत्येकाला चहाबरोबर मोजून एकच सुपारी हातात द्यायची. आणि खडे? खडे वाटीत घालून मी माझ्याजवळ ठेवायचे. ज्याला ‘नाही’ म्हणायचं असेल त्यानं सुपारी मला परत द्यावी आणि वाटीतला एक खडा घ्यावा. झालं. हिशोबाला चोख. सगळ्यांना पटलं. म्हणजे मला तसं वाटलं.

सभा माझ्याच दुकानात भरायची, कारण पत्रा माझाच धड होता. मी मधोमध मांडी घालून बसायची, वाटी मांडीशी. त्यानंतर मडक्यातून कधी खडा पडला नाही. मंगळवारी बाजार बंद ठेवायचा, एकमतानं. दुकानांसमोर सकाळी पाणी मारायचं, एकमतानं. केस कापणाऱ्याला नळाजवळ बसू द्यायचं नाही, एकमतानं. ऑफिसात गेले की मी चष्मेवाल्या बाबूला ऐकवायची, “आमच्या बाजारात एक खडा पडत नाही, साहेब. तुमच्या ऑफिसात आहे का असं?” तो हात जोडायचा. लोक माझ्यासाठी वाट सोडायचे. मी उभी असले तर उभे राहायचे. अशी वर्षं गेली आणि मला त्याची गोडी लागली, खोटं कशाला बोलू.

मग पक्क्या बाजाराची बातमी आली. विटांची दुकानं, समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकाला लोखंडी दार आणि पुढे वरांडा. आम्ही आनंदानं पेढे वाटले. बाबूनं मला टेबलावर नकाशा पसरून दाखवला आणि म्हणाला, “काकू, एक गोष्ट आहे. मधला रस्ता मोकळा पाहिजे. त्या भाजीवाल्या बाया मागं बसतीन, नाल्याच्या बाजूनं. तुमच्या मंडळाचा ठराव आणून द्या, म्हणजे माह्यं काम सोपं होते.”

मला वाटलं, बरोबरच आहे. पक्कं दुकान, समोर चिखल आणि पाल्याचा कचरा कशाला? मागे जागा आहे, सावली आहे. त्या बाया मंडळाच्या सभासद नव्हत्या. सभासद व्हायला डोक्यावर छप्पर लागायचं, असा नियम होता, तोही मीच केलेला. दुसऱ्याच दिवशी सभा घेतली. मी दोन वाक्यं बोलले, चहा फिरला, सुपाऱ्या वाटल्या, मडकं फिरलं. उपडं केलं. सगळ्या सुपाऱ्या. एक खडा नाही. ठरावाचा कागद लगेच ऑफिसात पाठवला.

दाई समोरच बसली होती, नेहमीसारखी. मेथीच्या जुड्या बांधत होती. सभा संपल्यावर मी तिला सांगितलं, की दाई, पक्का बाजार होईल तेव्हा तुम्हाला मागे मोठी जागा देतोय.

ती म्हणाली, “पाछू म कोन आही, बाई?” मागे येणार कोण?

मी म्हटलं, येतील गं. सगळ्या बाजाराचं मत पडलंय, एकमतानं. एक जणही ‘नाही’ म्हणाला नाही.

तिनं जुडी बांधून टोपलीत टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तोर कटोरी तो तोर माड़ी तीर रखाय रहिथे। कोन हाथ डारही?”

तुझी वाटी तर तुझ्या मांडीशी असते, हात घालणार कोण? एवढंच बोलली. टोपली उचलली आणि उतईच्या वाटेला लागली.

मी तिथेच उभी. वाटी हातात होती. पहिल्यांदा मला राग आला. भाजी विकणारी बाई, सभासद नाही, मत नाही, आणि ही मला सांगणार! मग मी वाटीतले खडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर बारीक लाल धूळ बसली होती. एकालाही बोट लागलेलं नव्हतं.

घरी गेले. हे ड्युटीवरून आलेले, पाय धूत होते. मी विचारलं, “खरं सांगा, मी लोकांले बोलू देत नाही का?”

“कोण म्हणून राहिलं?”

“ते जाऊ द्या. तुम्हाला काय वाटते ते सांगा.”

“मले विचारून राहिली?” यांनी पाय पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला. “मी तं लग्न झाल्यापासून सुपारीच टाकून राहिलो.”

मी हसले नाही. हे मग जवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “अवं, केबिनमधे आमचं कसं असते, दांडा ओढला आणि सिग्नल पडला नाही तं फोन वाजते, घंटी वाजते, दहा माणसं बोंबलतेत. तुह्याकडे काही वाजतच नाही. मले नेहमी वाटे, एवढ्या लोकांत कोणीच कावून नाही बोंबलत?”

“मग तवा कावून नाही सांगितलं?”

“तू खुश होती नं वं.”

त्या रात्री अंथरुणावर एकेक ठराव डोळ्यांपुढून गेला. केस कापणाऱ्याला नळाजवळून उठवलं, तो पुढे कुठे गेला? मंगळवार बंद ठेवला तो यांच्या सुट्टीचा वार म्हणून, की बाजाराला सोयीचा म्हणून? कोणता ठराव बाजाराचा आणि कोणता नुसता माझा, हे आता कोणाला विचारायचं? ज्यांना विचारणार ते तर ‘आप जैसा बोलो’ म्हणणार.

दोन दिवसांनी मी पुन्हा सभा बोलावली. विषय तोच. भापाजींना वाटलं, कागद हरवला असेल. मी परात काढली, जुनी. चहावाल्याकडून सगळ्या सुपाऱ्या घेऊन परातीत टाकल्या. माझी वाटी त्यात उपडी केली, खडबडून आवाज झाला. वर फडकं टाकलं. म्हटलं, पूर्वीसारखी परात फिरवा, आणि मी आत जाते.

आत म्हणजे काय, तट्ट्यामागे. तिथे माझं उखळ होतं. मी लोकांकडे पाठ करून मिरच्या कुटायला घेतल्या, आणि थांबले नाही. मुसळ पडत राहिलं तर त्यांना कळेल की मी बघत नाही. हात भरून आले, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरची होतीच तशी.

बऱ्याच वेळानं भापाजींनी हाक मारली, “बहनजी।”

पोत्यावर मडकं उपडं केलेलं. पाच सुपाऱ्या होत्या. बाकी खडेच खडे.

मी विचारलं, “तोंडं नव्हती का तुम्हाला?” आवाज मोठाच निघाला माझा.

कापडवाला नखं बघतोय, भांडीवाला पत्र्याकडे. शेवटी चहावाला बोलला, त्याच्या मोडक्या हिंदीत. “चेची, आग लगा तो मेरा चूल्हा से लगा। सब मेरे को मारने को आया, तुम बचाया। तुम्हारे सामने आके, सुपारी वापस देके, पत्थर उठाना… मेरे से नहीं होगा।”

“और भाजीवाली दाई?”

“उसका धनिया मैं भी लेता। रोज।” त्यानं मान खाली घातली.

मला वाटलं होतं ते मला घाबरतात. घाबरत असते तर बरं होतं, भांडले असते कधी तरी. हे माझ्या उपकाराखाली वाकलेले होते, आणि मी त्यांची वाकलेली मान बघून त्याला एकमत म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. चष्मेवाल्या बाबूसमोर उभं राहून सांगितलं, “तो ठराव परत द्या. बाजाराचं तसं मत नाही.”

“आं? काकू, तुमच्या बाजारात तं एक खडा पडत नाही!”

“पडला. पुष्कळ पडले.”

तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. म्हणाला, कागद वर गेला, नकाशावर सही झाली. मधला रस्ता मोकळा म्हणजे मोकळा. मी समोरच्या खुर्चीवर बसले. बसूनच राहिले, त्याच्या डब्याची वेळ झाली तरी. डबा उघडून त्यानं मला अर्धी पोळी दिली, मी घेतली. मग तो चष्मा पुसत म्हणाला, “काकू, नकाशात रस्ता आहे आणि दुकान आहे. दुकानाचा वरांडा दुकानदाराचा. तिथं कोण बसते हे नकाशात नसते.”

हे मी बाजारात येऊन सांगितलं आणि म्हटलं, ज्यानं खडा टाकला त्यानं आपला वरांडा द्यावा. कोणी टाकला मला माहीत नाही, मी कुटत होते.

पक्क्या बाजारात गेलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. नव्या चुन्याचा वास, लोखंडी दारं करकरतायत, आणि रस्त्याच्या तोंडाशी सात-आठ बाया टोपल्या घेऊन उभ्या. चहावाल्यानं एकीला बोलावलं, कंदीलवाल्यानं एकीला. काहींनी नजर चुकवली. खडा टाकणं सोपं, वरांडा देणं जड. मी माझ्या वरांड्यात पाणी शिंपडून, पोतं अंथरून ठेवलं होतं. दाईला हाक मारली. ती आली, पोत्याकडे बघितलं, आणि सरळ पुढे गेली. भापाजींच्या वरांड्यात, ट्यूब आणि तेलाच्या डब्यांमध्ये तिनं टोपली ठेवली. भापाजी गडबडून डबे सरकवायला लागले.

मी गेले तिच्याकडे. म्हटलं, दाई, अगं तिथे तेलाचा वास लागेल भाजीला. माझ्यापुढे काबर नाही बसत?

“तोर आघू बइठ के बहुत बछर देखेंव, बाई,” ती म्हणाली. तुझ्यासमोर बसून पुष्कळ वर्षं पाहिलं. “अब एती ले देखहूं।” आता इकडून पाहीन.

रागानं नाही बोलली. तिनं मिरच्या मांडल्या आणि मला मूठभर कोथिंबीर दिली, जशी रोज द्यायची तशी. मी ती पदरात घेऊन परत आले. ते रिकामं पोतं मी चार दिवस उचललं नाही. पाचव्या दिवशी दुसरी एक बाई येऊन बसली, वांगी घेऊन.

त्याच आठवड्यात मी अध्यक्षपद सोडलं. सभेत दोनच वाक्यं बोलले. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही मला दिलीत, आता दुसरं कोणी बघा, आणि ते वाटी आपल्याजवळ ठेवणारं नसावं. गलका झाला. “आप ही रहो बहनजी!” “चेची, हमको नहीं मालूम ऑफिस में कैसे बोलना!” मी म्हटलं, मलाही नव्हतं मालूम. शेवटी भापाजी उभे राहिले, आणि मी ‘बसा’ म्हणायच्या आत मीच उठून त्यांना पक्क्या बाजारात आलेली माझी नवी खुर्ची दिली. ते बसले बिचारे, अर्ध्या खुर्चीवर.

त्यांचा पहिला ठराव असा की पसरा मांडणाऱ्या बायांनाही सभासद करावं. परात फिरली, मंजूर झाला. त्या सभेला बाया दाराशीच उभ्या होत्या, त्यांना आत बोलावून बसवलं. मग भापाजींनी दुसरा ठराव मांडला, मला न विचारता. मसालेवाल्या बहनजींना जन्मभर मानद अध्यक्ष ठेवायचं. पाटीवर पद लिहायचं, सभेत त्यांची एक खुर्ची कायमची मधोमध राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी पदर तोंडाशी घेतला. परात माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत फडक्याखाली हात घालायची माझी ही पहिलीच वेळ, आधी मी सरळ सगळ्यांसमोर सुपारी टाकायची. फडक्याखाली आंधळ्यासारखं चाचपत होते. सुपारी हाताला लागली, सोडली. गार, गुळगुळीत खडा सापडला, तो मुठीत घेतला आणि मडक्यात टाकला.

परात बायांमध्ये गेली. दाईनं पहिल्यांदाच हात घातला. जरा जास्तच वेळ घातला.

भापाजींनी मडकं उपडं केलं आणि त्यांचा चेहरा पडला. खडे जास्त. सुपाऱ्यांपेक्षा तीन जास्त.

ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या तेच ते. भापाजी म्हणाले, “ये किसने…” आणि स्वतःच थांबले, शहाणे होते ते. मला लागलं ते, हे लिहितेच. एक खडा माझा होता, ठीक आहे, पण बाकीचे? ज्या कापडवाल्याच्या लेकीच्या बाळंतपणात मी रात्री जागले, त्याचा? चहावाल्याचा? मी एकेक चेहरा बघत गेले आणि कोणाच्याच चेहऱ्यावर काही दिसेना. मग कळलं, दिसू नये म्हणून तर फडकं आहे. आणि मी हसायला लागले. आधी मी, मग चहावाला, मग सगळेच.

फक्त दाई हसत नव्हती. तिला हसता येत नव्हतं, तोंड बंद ठेवून बसली होती आणि गाल एका बाजूनं टम्म फुगला होता. मी डोळ्यांनीच विचारलं. तिनं जिभेनं सुपारी या गालातून त्या गालात केली.